ट्रॉलीच्या सॉकेटमधल्या मुंग्या

मंगळवेढा रोडवरच्या दुकानासमोर ती पिकअप येऊन थांबली, तेव्हा मागच्या ट्रॉलीचे दिवे चक्क लेझीम खेळत होते! ड्रायव्हरनं सिग्नल दिला होता डावा, पण मिचमिचत होते दोन्ही. ब्रेक दाबला की तेही मंद व्हायचे. ट्रॉलीतली मेंढरंसुद्धा 'हे काय चाललंय' अशा चेहऱ्यानं बाहेर बघत होती.

ड्रायव्हर खाली उतरला. उंच, सावळा, वाऱ्यानं विस्कटलेले केस, आणि हसला की डाव्या गालावर... जाऊ दे, ते काव्यानं नंतर बघितलं. आधी तो काय बोलला ते ऐका.

"ओ ताई, मिस्त्री कुटं हायत?"

काव्या हातात टेस्ट लॅम्प घेऊन त्याच्यासमोरच उभी होती.

"तुमच्या पुढ्यात."

"न्हाय, म्हंजे... वायरिंगचे मिस्त्री?"

"मग मी काय इथं भजी तळतीय?"

आत खुर्चीत काळा चष्मा लावून बसलेले अप्पा खुदकन हसले. अप्पा म्हणजे चन्नप्पा, काव्याचे वडील. दुकान त्यांचंच. डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि काव्यानं हट्ट धरला, दुकान मी चालवणार! अप्पा म्हणाले, चालव. पण एकच गाडी त्याच तक्रारीनं तीनदा परत आली, तर दुकान भाड्यानं जाईल आणि तू बी.एड.ला. आता ज्या मुलीला सोल्डरिंगचा वास अत्तरासारखा वाटतो, तिला बी.एड.?

तिनं ट्रॉलीच्या दिव्यांची वायर जोडायचं पिकअपच्या मागचं सॉकेट उघडलं. झाकण कधीच तुटलेलं, पिनांवर हिरवा थर चढलेला. पॉलिश पेपरनं एकेक पिन घासत ती म्हणाली, "अर्थिंग धरत नाहीये. करंटला परतीची वाट सापडली नाही की तो भलत्याच बल्बात घुसतो."

"व्हय की! कळप सोडून दुसऱ्याच्या रानात घुसलेलं मेंढरू."

काव्याला हसू आलं. आणि तोही हसला. तेव्हा तिनं बघितलं... डाव्या गालावर खळी!

त्याचं नाव जोतिराम. कामतीच्या पुढं वस्ती, शेळ्या-मेंढ्यांचा धंदा, दर मंगळवारी सोलापूरच्या बाजाराला यायचं. काव्यानं अर्थिंगची नवी वायर टाकली, सगळे दिवे शहाण्यासारखे लागले, आणि तो गेला.

पुढच्या मंगळवारी — हजर!

"मॅडम, परत नाचाय लागलेत."

ताईवरून मॅडमवर आला होता, हे काव्याच्या लगेच लक्षात आलं. तिनं सॉकेट उघडलं आणि किंचाळलीच. आत मुंग्यांची रांग!

"सॉकेटमध्ये साखर घालता का ओ तुम्ही?"

"मी च्यातसुदिक घालत न्हाय."

तिनं पुन्हा सगळं घासलं. अप्पांनी आतून एक बोट वर केलं. पुढच्या मंगळवारी गाडी पुन्हा दारात, पुन्हा मुंग्या, आणि अप्पांची दोन बोटं वर. आणखी एक बोट की फळा आणि खडू!

तिनं पान्हा आपटला. "खरं सांगा, तुम्ही मुद्दाम काहीतरी करता ना?"

"मी?" जोतिराम चकित. "मला वाटलं तुमीच काम अर्धं ठेवताय..."

"मी कशाला ठेवू?"

तो मान खाली घालून चपलेनं माती उकरू लागला. "म्हंजे... मी परत यावं म्हणून."

काव्याचे कान लालबुंद. "लई मोठा समज आहे हो तुमचा स्वतःबद्दल!"

"तुमचा बी काय कमी न्हाय की!"

दोघंही एकमेकांकडं रागानं बघायला गेले... पण राग काही जमला नाही. कसंबसं गंभीर तोंड करून काव्या म्हणाली, "दुरुस्त करून मीच येते गाडीबरोबर. गाडी इथून वस्तीवर जाईपर्यंत होतंय तरी काय, बघू दे मला."

"मी पण येतो," अप्पा उठले आणि कुणी काही बोलायच्या आत पिकअपच्या मधल्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा. अलीकडं जोतिराम, पलीकडं काव्या, मधोमध अप्पा, भिंतीसारखे.

वाटेत काहीच बिघडलं नाही. वस्तीवर पोचल्यावर जोतिराम नेहमीसारखा मेंढरं हाकत वाड्याकडं गेला. काव्या मात्र ट्रॉलीजवळच थांबली. तेवढ्यात झोपडीतून त्याच्या आई केराबाई ताट घेऊन लगबगीनं आल्या.

"आली गं नीट हून माझी लक्षुमी!" त्यांनी पिकअपच्या मागं हळद-कुंकू लावलं, ट्रॉलीच्या हुकावर नारळ हाणला — फाट! — आणि सगळं पाणी भळभळ थेट सॉकेटमध्ये!

"अगं बाई!" काव्या ओरडली. "दर वेळी फोडता?"

"व्हय की. दर अवसेला फोडायची. आता नीट हून आली की बी फोडती. देवाचे उपकार मानाया नगं व्हय?"

घ्या! काव्यानं गाडी नीट करायची, गाडी नीट झाली म्हणून केराबाईंनी नारळ फोडायचा, आणि नारळानं गाडी बिघडवायची. अप्पा पोट धरून हसायला लागले. धावत आलेल्या जोतिरामनं कपाळावर हात मारला.

"आये! मुंग्या तुज्यामुळं हुत्या व्हय!"

केराबाईंचं तोंड एवढंसं झालं. ते बघून काव्याला कसंतरीच वाटलं. तिनं त्यांचा हात धरला. "मावशी, नारळ फोडायचाच. पण पुढच्या चाकासमोर दगडावर. देव तिथूनही बघतो की."

मग तिनं सॉकेट पुसून कोरडं केलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून त्याला घट्ट टोपी बसवली. अप्पांनी चष्मा वर केला. "खोट दुकानाची नाही. बी.एड. रद्द!"

काव्यानं आनंदानं उडी मारली. आणि उडी खाली येईस्तोवर तिच्या लक्षात आलं... आता दिवे बिघडणार नाहीत. म्हणजे आता...

परतताना ट्रॉली वस्तीवरच सोडली होती. उन्हं कलली होती, दोन्ही बाजूंना ज्वारी डोलत होती आणि मधोमध अप्पा घोरत होते. जोतिराम हळूच, अप्पांच्या डोक्यावरून म्हणाला, "टोपी पक्की बसलीय न्हवं?"

"एकदम."

"मग आता... बिघडायची न्हाय."

"नाही."

जोतिरामनं उगाच आरसा सारखा केला.

"मग मंगळवारी मी काय सांगून येऊ?"

काव्याचं काळीज एवढं धडधडलं की अप्पा जागे होतील असं तिला वाटलं. "खरं कारण असेल ते सांगा."

"खरं कारण... दिवे नीट झाले तवा मला लई वाईट वाटलं. परत्येक बारीला. तुमी आवडता मला, काव्या."

ती खिडकीकडं वळली. मग परत त्याच्याकडं. "मलाही पॉलिश पेपर घासताना वाटायचं... थोडं कमी घासावं."

तो तिच्याकडं बघतच राहिला. ती त्याच्याकडं. पिकअप रस्त्याच्या कडेला, आणखी कडेला...

"मंगळवारी दुकानात गर्दी असतीय," डोळे मिटूनच अप्पा म्हणाले. "सोमवारी बंद असतंय. आईला घेऊन घरी ये. आणि बाबा, तोपर्यंत जरा पुढं बघून चालव!"