ताइसियाचे शेवटचे उड्डाण

काळ्या समुद्रावर तांबडे फुटले, तेव्हा क्रिमियाच्या टोकावरील त्या सागरी किल्ल्याचे बुरूज धुमसत होते. सन १९४२चा उन्हाळा. तीन बाजूंनी जर्मन फौजांचा वेढा आणि चौथीकडे समुद्र, अशा कात्रीत सापडलेल्या रशियन शिबंदीजवळ आता दोनच विमाने उरली होती. जखमींना वाहून नेणारे छोटे विमान रिम्मा चालवीत असे. लढाऊ विमान तिच्या महिला तुकडीच्या प्रमुखाचे, कॅप्टन ताइसिया मिरोनोव्ना हिचे. त्याच्या तोफांतला दारूगोळा कालच संपला होता.

रिम्माच्या विमानात दोन जखमी सैनिक चढवले गेले, तोच किल्ल्याचा उपसेनापती कर्नल झुबारेव लगबगीने आला.

"यांना उतरवा. मला पैलतीर गाठायचा आहे."

"कॉम्रेड कर्नल, आपल्याला किल्ला सोडण्याचा हुकूम झाला आहे?" ताइसियाने अदबीने विचारले.

"इथे हुकूम मी देतो!"

"मग आपणच आपल्या हातांनी यांना उतरवावे. माझ्या मुली ते करणार नाहीत."

धावपट्टीच्या कडेला पडलेले शेकडो घायाळ माना उंचावून पाहत होते. कर्नलचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला. "याची किंमत मोजावी लागेल," एवढेच पुटपुटून तो खाली धक्क्याकडे वळला.

इतक्यात पूर्वेला शत्रूची चार विमाने दिसली. रिम्माचे तोंड उतरले. "ताया, तुझ्याकडे एक गोळीसुद्धा नाही!"

"त्यांना कुठे ठाऊक आहे? तू पाण्याला लागून जा. मागे पाहू नकोस."

रिम्माने मागे पाहिलेच. चौघांनाही अंगावर घेत ताइसिया उंच उंच चढत गेली. तिच्या तोफा गप्प का, हे उमगताच ते निर्धास्त होऊन रिम्माच्या दिशेने वळले, आणि तेव्हा तिने आपले विमान पुढच्याच्या पाठीवर सरळ नेऊन घातले. आगीचा एकच लोळ समुद्रात उतरला. उरलेले तिघे माघारी फिरले.

रिम्मा पैलतीरी पोहोचली. एका जखमीने वाटेतच प्राण सोडला होता. दुसरा संध्याकाळी गेला. त्याच आठवड्यात किल्ला पडला. कर्नल झुबारेव मात्र बोटीतून आधीच निसटला होता, आणि कॅप्टन ताइसिया विमानासह शत्रूला जाऊन मिळाली, अशी जबानी त्याने दिली. रिम्माने दोनदा साक्ष दिली. तिसऱ्यांदा तोंड उघडशील तर तुझे पंख काढून घेऊ, असे तिला बजावण्यात आले.

हिवाळ्यात ती व्होल्गाकाठच्या खेड्यात ताइसियाच्या आईला भेटायला गेली. फितुराची आई म्हणून गावाने म्हातारीशी बोलणे टाकले होते.

"आई, ती पळाली नाही. मी डोळ्यांनी पाहिलं."

म्हातारी उठली आणि तिने आधी खिडकी लावून घेतली.

"ठाऊक आहे मला. हळू बोल, पोरी. माझ्या धाकट्या लेकीला अजून याच गावात दिवस काढायचेत."