मोज्याला कान नव्हते

सकाळचा चहा झाल्यावर मिरजेतल्या त्या कारखान्यात पाच पाहुणे चटईवर ओळीनं बसले आणि पाचही जणांनी आपल्या उजव्या हातावर दस्तगीर उस्तादांचा हात चढवला. उस्तादांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

हात म्हणजे स्मरणमोजा. दिसायला साधा, करडा, पण आत केसाहून बारीक तारा. मुरलेला कारागीर तो घालून कामाला बसला की त्याच्या बोटांचा दाब, मनगटाचा कल, कानशीची प्रत्येक ओढ मोज्यात उतरून राही. मग तो दुसऱ्या कुणी घातला की आतल्या तारा त्याची बोटं हळूच ओढून त्याच चालीनं चालवत. पुण्याची ‘सहघडण’ नावाची कंपनी असे मोजे घेऊन पाच-पाच माणसांच्या सहली काढी. देवळं बघा, फोटो काढा, गाडीत बसा, असला मामला नव्हता. दहा दिवस एकाच गावात राहायचं, कारागिराच्या घरचं जेवायचं आणि जाताना स्वतः घडवलेला तंबोरा घेऊन जायचं. सगळ्यांच्या कानात दुभाषी बटण असे, त्यामुळे केरळच्या पाहुण्याला मिरजेचं बोलणं कळे आणि मिरजेला त्याचं.

उस्तादांची मुलगी जैबुन हे सगळं सांभाळायची. भोपळे निवडायची, तारा चढवायची, पाहुण्यांना वाढायची. वय पंचेचाळीस, आणि त्यातली तीस वर्षं याच चटईवर गेलेली. पण लोक येत ते अब्बांचा हात घालायला. तिचा हात कसा चालतो हे कुणी विचारलं नव्हतं. खोटं कशाला सांगा, तिला ते सलायचंच.

या खेपेला कंपनीचा केदार पोंक्षे मुद्दाम आला होता. तो चांगला मुलगा होता, पण बातमी काही चांगली नव्हती.

“आपा, या गटाचं काम नेहमीसारखं चोख उतरलं, तर नव्या वर्षापासून मोजे घरपोच. लोक आपापल्या घरीच शिकतील. इथवर यायची दगदग कशाला?”

“आणि ह्या कारखान्याचं काय करायचं ओ? चार पिढ्यांचा हाय हा.”

केदार खाली वाकून मोज्यांच्या तारा तपासू लागला. जैबुन काय ते समजली.

आजचं, शेवटच्या दिवसाचं काम सगळ्यात नाजूक होतं. तंबोऱ्याची तार ज्या लाकडी पट्टीवर टेकते ती घोडी. तिची पाठ कानशीनं इतकी अलगद उतरती करायची की तार तिला चाटत थरथरली पाहिजे. मग एका सुरातून दहा सूर उमलतात, आणि त्याला जवारी खुलली म्हणतात. पाच मोजे चालू लागले. पाच कानशी एकदम पुढे गेल्या, एकदम थांबल्या, पुन्हा चालल्या. तासाभरानं तारा छेडल्या, तर पाचही तंबोरे बद्द! ओल्या पत्र्यावर टिचकी मारावी तसा आवाज.

केदारच्या तोंडचं पाणी पळालं. “मोजे बिघडले की काय?”

“लाकूड बदललंय,” जैबुन म्हणाली. “अब्बांच्या वेळचा शिसवीचा ओंडका गेल्या महिन्यात संपला. हा नवा हाय, जास्त कठीण.”

केदारनं पडद्यावर उस्तादांच्या हाताचा आलेख काढला. सात ओढी, मग मोकळी जागा. चार ओढी, पुन्हा मोकळी जागा. “इथे उस्ताद विचार करत असणार,” तो म्हणाला.

“नाही,” मागून आवाज आला. त्या पाहुण्यांतल्या अम्मिणीताई होत्या, केरळातल्या कोट्टयमच्या निवृत्त परिचारिका. चाळीस वर्षं त्यांनी माणसांच्या नाड्या धरल्या होत्या. त्या मोजा न काढताच म्हणाल्या, “विचार करणारा हात घट्ट होतो. हा सैल पडतोय. हा कुणाची तरी वाट बघतोय.”

जैबुन पडद्याजवळ सरकली आणि तिनं आलेख पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

त्या मोकळ्या जागांत ती होती. अब्बा कानस थांबवत, ती शेजारी बसून तार छेडी. अब्बा विचारत, “क्या बोलती, बेटा?” ती म्हणे, “अजून.” पुन्हा चार ओढी. “अजून.” आणि शेवटी, “बस.” तिला वाटायचं, अब्बा आपली परीक्षा घेतायत. पण आता तिच्या लक्षात आलं, शेवटची दहा वर्षं अब्बांना कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. घरात सगळे हसायचे, म्हणायचे, उस्ताद कामात गुंग आहेत! बारीक, उंच सूर त्यांच्या कानातून कधीच निघून गेले होते, आणि जवारी तर त्याच सुरांवर खुलते. मानी माणूस, कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दहा वर्षं मिरजेचं नाव राखलं ते दोघांनी मिळून. हात त्यांचा आणि कान तिचे. मोज्यात हात तेवढा उतरला, मोज्याला कान नव्हते.

तिला रडू आलं आणि त्याच वेळी छाती अभिमानानं भरूनही आली.

“मोजे काढा सगळ्यांनी,” डोळे पुसत ती म्हणाली. अम्मिणीताईंची घोडी घेऊन तिनं उघड्या हातानं कानस फिरवली, थांबली, ऐकलं, पुन्हा फिरवली. सहाव्या थांब्याला तार अशी झणझणली की केदारनं दचकून मागे पाहिलं.

“आपा, तुमचाच हात उतरवून घेऊ! कान तुमचे, हातही तुमचाच. जगभर पाठवू.”

“घ्या की. पण घरी एकटं बसून मोजा घातलेला माणूस थांबंल, तवा त्याला ‘अजून’ म्हणायला कोण असंल तितं?”

केदारनं आलेखातल्या मोकळ्या जागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “कुणी नसेल. म्हणजे मिरजेलाच यावं लागेल. घरपोचचं काम मी थांबवतो.”

“मग बसा रिंगण करून,” जैबुन पाहुण्यांना म्हणाली. “आता एकानं घासायचं, दुसऱ्यानं ऐकायचं.” दुसरी घोडी तिनं स्वतः घेतली आणि तार अम्मिणीताईंच्या हाती दिली. बऱ्याच ओढींनंतर जवारी खुलली. तिला अगदी ‘बस’ वाटलं, तरी तिनं विचारलं, “काय म्हणता, ताई?”

अम्मिणीताईंनी डोळे मिटले. तार पुन्हा छेडली. मग कानातलं दुभाषी बटण काढून ठेवलं आणि दहा दिवसांत शिकलेल्या मराठीत चाचरत म्हणाल्या, “अ...जून.”

जैबुनला पटलं नाही. तरी तिनं आणखी एकच ओढ दिली, अगदी हलकी. तार छेडली गेली आणि आधी कुठेच नसलेला एक बारीक सूर वर उठून खोलीभर झाला. अम्मिणीताईंचं बरोबर होतं.

जैबुनचा हात कानशीवर तसाच राहिला. ‘बस’ म्हणायचा मान आपल्या हातून निसटल्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं, पण ते वाटतच नव्हतं. तिचा ‘अजून’ पहिल्यांदा खरा ठरला, त्या दिवशी अब्बांनाही असंच वाटलं असेल का?