ताईच्या मापाची बोट

तिच्या उजव्या हाताच्या पेरांवर तीन ओरखडे होते, तिन्ही एकाच दिशेने गेलेले. बोटींच्या शेडमध्ये पाना शोधत आलेल्या नव्या मेकॅनिकला आधी ते दिसले, मग ती.

"मांजर पाळलंय?"

"बोट. तीही ताईची." तिने हात मागे घेतला. "ताई हिच्यातून जिंकली, म्हणून बाबा कशाला हात लावू देत नाहीत." बाबाच तिचे प्रशिक्षक होते.

तो वल्ही अडकवायच्या कड्यांपाशी वाकला. "वल्हवताना दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात, तेव्हा तुमचा कुठला हात वर असतो?"

"डावा."

"आणि ताईंचा?"

तिने डोळे मिटून ताईला आठवलं... "उजवा."

"म्हणून उजवी कडी उंच आहे. तुमच्या डाव्या नखांची आणि उजव्या पेरांची मारामारी चाललीय."

हे तिला कळत होतं. दोन वर्षं बाबांना सांगायचं ठरवायची, आणि समोर गेलं की मूग गिळून बसायची.

"कडी नको," ती म्हणाली. "बाबांना लगेच दिसेल. बाकीचं बघा."

मग रोज संध्याकाळी तो बाकीचं बघू लागला. पाय टेकवायची पायफळी पुढे घेतली, सरकत्या बैठकीची चाकं बदलली.

"टाच टेकते?"

"टेकते."

"गुडघे?"

"ठीक. तुमची नजर मात्र जरा वर लागलीय."

"तिचा बोल्ट गंजलाय," तो म्हणाला. पायफळीकडे बघत — कान लाल करून.

बोट हलकी झाली. पेरं सोलवटायची ती सोलवटतच राहिली. निवडीच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने तिच्या बोटांना पट्टी गुंडाळली. सावकाश... गरजेपेक्षा दोन वेढे जास्त.

"उद्या हरले तर संघातून बाहेर," ती म्हणाली.

"माहितीय. पण कडीचं तुम्ही ठरवायचं. मी परस्पर फिरवणार नाही."

तिने त्याच्या हातातून पाना घेतला. उजवी कडी खाली, डावी बोटभर वर. त्याच संध्याकाळी पाण्यावर गेली तेव्हा हात एकमेकांवरून न खेटता गेले आणि बोट अशी सुटली की तिला हसूच आलं.

धक्क्यावर परतली तर बाबा उभे. "कडी कुणी हलवली? ताईचं माप होतं ते."

मेकॅनिक पुढे सरकला. तिने मान हलवून त्याला थांबवलं.

"मी हलवली. बाबा, ताईच्या मापात मी यापुढे बसणार नाही. आणि हे... हे मला आवडतात. तेही आजच सांगून टाकते."