गिधाडकड्यावरची लगड

चांदी खोटी निघावी म्हणून जीव धोक्यात घालून कडा चढणारी बाई रूपाबाईच्या आधी कुणी पाहिली नसेल. पण तिला ती खोटीच हवी होती. बोटभर लांबीची ती काळी लगड खरी निघाली, तर तिचा नरसिंग चोर ठरणार होता. आणि आपली बाजू मांडायला नरसिंग आता या जगात नव्हता.

हकीकत अशी. नरसिंग गुजरातच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांच्या बोटीवर कामाला होता. जुन्या काळी बुडालेल्या एका जहाजातली चांदी वर काढायचं ते काम. अठ्ठ्याण्णवच्या होळीला तो औंढ्याच्या डोंगरातल्या आपल्या तांड्यावर आला, तो ही लगड घेऊन. "नकली हाय, याडी," तो आईला म्हणाला, "बंदरावरच्या दुकानात मिळतात असल्या. फिरायला आलेली माणसं हौसेनं नेतात. म्हटलं, आमी काय काढतो ते तुला दावावं."

रंग वाळतो न वाळतो तोच ठेकेदाराचा माणूस जीप घेऊन दारात! जहाजातली एक लगड कमी भरली होती. तांड्याच्या नायकानं पंच बसवले. नरसिंगचा चुलता सेवा हा तांड्यातला चांदीचा जाणकार. त्यानं लगड अंगठ्यानं घासली, वास घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "खरी हाय. काळी पडलीय, बघा की. आपल्या बायांच्या अंगावरची चांदी बी घामानं अशीच काळी पडते."

झालं! चोर हा शब्द तांड्याला नवा नव्हता. एके काळी सरकारनं अख्ख्या जमातीवरच तो शिक्का मारला होता. तोच शब्द आता घरच्या माणसामुळे घरच्या पोरावर बसला. "त्या दुकानदारालाच घेऊन येतो, मग तर पटंल?" एवढं बोलून नरसिंग निघाला. कुणी हिसकावू नये म्हणून लगड गिधाडकड्याच्या कपारीत ठेवून गेला. जागा फक्त बायकोला, पेमाला सांगितली. दुकानदार काही आला नाही. खाडी ओलांडताना नरसिंगची नाव उलटल्याचा निरोप तेवढा आला.

म्हणून चैत्रातल्या एका सकाळी रूपाबाई आणि पेमा निघाल्या. खांद्यावर विहिरीचा नाडा टाकून सेवाही मागं आला.

"तुमी कशाला, भावजी? पुन्हा खरी म्हणाया?"

"नाडा धराया कुणीतरी लागंल, वहिनी," सेवा खाली बघत म्हणाला.

सागाची पानं गळून रानभर पसरली होती. त्यांच्यावरून पाय घसरायचा, आणि आवाज असा व्हायचा की सारं रान आपल्याच मागं चालत येतंय. मधल्या झऱ्यावर पाणी भरून घेऊ म्हणून आणलेली घागर पेमानं उगाच वाहिली. झरा कोरडा ठणठणीत होता. दगडांखालचा ओला चिखल तिघांनी फडक्यात घेऊन पिळला. घोट घोट मिळालं. रूपाबाईनं आपला घोट पेमाला दिला.

"तुमाला तहान न्हाई का, आत्याबाई?"

"हाय ना. पण तुझ्यापरीस मला जगायची घाई कमी हाय."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कडा समोर उभा ठाकला. कपार माथ्यापासून तीन पुरुष खाली, आणि तिच्याशेजारी आग्यामोहाचं सुपाएवढं पोळं! सेवाचं धिप्पाड अंग त्या फटीत मावणारं नव्हतं. पेमानं पदर खोचला.

"तू न्हाई. तुझं लेकरू घरी वाट बघतंय," रूपाबाई म्हणाली आणि नाडा स्वतःच्या कमरेला बांधून घेतला.

ती खाली उतरली. हळूच. श्वास धरून. पाय टेकला! कपारीत हात घातला. पाला, माती, पाखरांची हाडं. मग गार, जड असं काहीतरी. सापडली! तेवढ्यात पायाखालचा दगड निसटला, खडकावर आपटला, आणि पोळं एखाद्या जनावरासारखं घुमलं.

"ओढा! भावजी, ओढा!"

माश्या वर गेल्या. सेवाच्या डोक्यावर, डोळ्यांवर, मानेवर माश्याच माश्या! पेमानं ओली-सुकी पानं पेटवून धूर केला. पण तोवर सेवानं एक हातही नाड्यावरून काढला नव्हता. रूपाबाई वर आली तेव्हा त्याचे डोळे सुजून मिटले होते, तळहातांची सालं नाड्याला चिकटली होती, आणि नाडा अजून मुठीत होता. तिनं एक एक बोट धरून ती मूठ सोडवली.

घसरत, धरत, एकमेकांना सावरत ते नाल्यात उतरले. पेमानं विळ्याचं टोक लगडीवर ओढलं. आतून पांढरं लखलखलं! रूपाबाईनं ती हातात घेतली. दातानं चावून पाहिलं, मऊ. चांदीही मऊच.

"आता एकच राहिलं," ती म्हणाली. "जाळात टाकायची. लाकडाच्या जाळावर चांदी लाल होती, पाघळत न्हाई. तिला सोनाराचा भाता लागतो."

पेमानं तिचा हात धरला. "आणि पाघळली तर? त्येंच्या हातची तेवढीच वस्तू ऱ्हायलीय, आत्याबाई."

रूपाबाईनं लगड गालाला लावली. कपारीतला गारवा अजून तिच्यात होता. मग वाळकी लाकडं पेटवून तिनं ती जाळात ठेवली.

काही झालं नाही. लाकडं तडतडली. पेमानं फुंकर घातली. अजून काही नाही. सेवा सुजल्या चेहऱ्यानं विचारत होता, "काय झालं? सांगा ना मला कुणी!"

आणि लगडीची एक कड वाकली. खाली झुकली. बघता बघता सगळी लगड गळून राखेत पसरली.

"पाघळली," रूपाबाई म्हणाली. "पाघळली, भावजी! कथील हाय!"

सेवा गुडघ्यांवर बसला, चाचपडत तिच्या पायांपर्यंत गेला आणि तिथंच डोकं टेकून राहिला.  रूपाबाई त्याच्या मानेतले माश्यांचे काटे काढत बसली.

दिवस मावळायच्या आत ते तांड्यावर पोचले. पेमाचा हात धरून सेवा नायकाच्या ओट्यावर उभा राहिला आणि ओरडला, "माझं चुकलं! पोरगं खरं बोलत होतं!" त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो एका बाजूला, रिकाम्या ओसरीकडे तोंड करून सांगत होता.

बाया रूपाबाईभोवती जमल्या. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत हळहळली, "वाईट झालं गं माय. एवढ्या लांब जाऊन खोटीच निघाली."

रूपाबाईला हसू आलं. मग हसता हसता तिचं भान सुटलं, आणि नरसिंग गेल्यापासून पहिल्यांदाच, लेकाचं नाव घेऊन, अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशी ती मोठ्यानं रडली.