‘रांग’च्या तळाशी लिहिलेले आभार

नाव

रांग – थांबलेल्यांना क्रम लावून देणारी आज्ञा.

त्या काळी प्रोग्राम कोणी लिहीत नसे. लोक माहितीपान लिहीत, म्हणजे आज्ञेने काय करायचे ते साध्या भाषेत सांगणारे पान. रोज पहाटे प्रत्येक यंत्र आपल्याकडची माहितीपाने वाचून काढी आणि त्यांतून त्या दिवसापुरते प्रोग्राम नव्याने वाढवी. याला ‘उगवण’ म्हणत. पूर्वी उलटे होते. माणसे प्रोग्राम लिहीत, मग तो कसा वापरायचा ते सांगणारे पान तयार होई. प्रोग्राम बदलत राही, पान मागे पडे आणि पानावर भरवसा ठेवणारा फसे. शेवटी पानच मूळ मानले गेले. पानात असेल ते घडेल, नसेल ते घडणार नाही.

‘रांग’ मुक्त होती: मालक कोणी नाही, वापर कोणीही करावा, दुरुस्ती कोणीही सुचवावी. पडद्यावर तिचे नाव टाइप करून पुढे माणसांची नावे दिली, की क्रम हातात. तिचे पान सांभाळत होती मिरजेची यास्मिन मुजावर. ते लिहिले होते सुहृद केळुसकरने. त्याच्या हाताखाली ती शिकली. तो गेल्यावर पान तिच्याकडे आले.

वर्णन

मिरजेतल्या एका डायलिसिस केंद्राने रुग्णांचा क्रम ‘रांग’वर सोपवला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यास्मिनला कळवले की अनसूया ढाले नावाच्या रुग्णाचा नंबर नेहमी पहिला लागतो. डायलिसिसचे एक यंत्र बंद पडले त्या दिवशीही त्या पहिल्याच होत्या, आणि जतहून आलेले बसाप्पा कोळी संध्याकाळपर्यंत ताटकळले. त्यांना धाप लागली, अतिदक्षता विभागात न्यावे लागले. वाचले. पुढचा वाचेल याची खात्री काय, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले होते.

यास्मिनने पान उघडले. नियमांत अनसूयाबाई कुठेच नव्हत्या. त्या होत्या अगदी तळाशी.

आभार

‘हे काम करताना मला कावीळ झाली. खानावळीच्या अनसूया ढाले यांनी माझ्यासाठी वेगळे पथ्याचे शिजवले. त्या नसत्या तर हे पान पुरे झाले नसते.’

दोष

नियम कोणता आणि सौजन्य कोणते, हे उगवणीला सांगूनही कळत नसे. ती सगळे सारख्याच श्रद्धेने वाचते. या नावाच्या बाईंनी आपल्यासाठी काही केले आहे एवढे तिला कळले, आणि जमेल तिथे ती परतफेड करत राहिली. शोधल्यावर यास्मिनला कळले की सोलापुरात याच नावाची आणखी एक बाई आहे आणि तिला गॅस सिलिंडर नेहमी सगळ्यांच्या आधी मिळतो. तिला वाटे, एजन्सीवाला चांगला आहे.

ओळ घरबसल्या पुसता आली असती. पण गुरूने मानलेले आभार परस्पर पुसायचे यास्मिनच्या जिवावर आले. शिवाय डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. अनसूयाबाईंचे हृदय कमजोर आहे. सकाळच्या पाळीमुळेच त्या टिकून आहेत. दिवसभर थांबावे लागले तर लवकर खचतील.

उदाहरण

अनसूयाबाई यंत्राला लावलेल्या होत्या. दंडाला नळ्या, मोकळ्या हातात मोसंबीची फोड. यास्मिनने खुर्ची ओढून सगळे समजावून सांगितले. बाईंनी मध्येच नर्सला हाक मारून पंखा कमी करायला लावला आणि पुन्हा ऐकू लागल्या.

“म्हणजे तो जाऊन एवढी वर्षं झाली, तरी माझी सोय बघतोय?”

“तो नाही, मावशी. त्याचं वाक्य.”

“वाक्याला काय कळतंय? त्याच्या मनात होतं म्हणून तर आलं.”

बाईंनी बसाप्पांची चौकशी केली. कुठले, घरी कोण, आता कसे आहेत. मग त्यांनी नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे पाहिले.

“पूस ते,” त्या म्हणाल्या. “गोड वाटलं, पण पूस.”

यास्मिनने डॉक्टरीणबाईंचे म्हणणे सांगितले. ते मला माहीत आहे, माझ्यासमोरच कुजबुजतात, असे बाई म्हणाल्या. मग खानावळीचे सांगू लागल्या. पंगतीला गर्दी झाली की ज्याला एसटी गाठायची असेल त्याला त्या आधी वाढायच्या. गावातला थांबू शकतो. त्यावरून कधी भांडण झाले नाही. झाले ते फक्त वांग्याच्या भाजीवरून.

“तसं लिही की. लांबनं आलेला आधी.”

“मावशी, तुम्ही तर मागच्याच गल्लीतल्या. तुमचा नंबर कायम शेवटी लागेल.”

“घर जवळ आहे ते बरंच की गं. आता मुळूमुळू रडू नकोस इथं, नर्स मला ओरडेल.”

लेखक

यास्मिनने आभारांची ओळ काढली आणि नियम घातला: परतीचा प्रवास लांबचा, त्याला आधी.

दुरुस्ती ज्याने सुचवली त्याचे नाव पानाखाली घालायचे, ही मुक्त कामातली रीत. तिथे पैसा नसतो. नावच काय ते दिले जाते. सुहृदने तिला पहिल्यांदा शिकवले होते ते हेच. तिने ‘सूचना:’ लिहिले. पुढे ‘अनसूया’ लिहिले, आणि तिचा हात थांबला. हे नाव राहिले तर पहाटे उगवण ते वाचेल. अनसूयाबाई पुन्हा पहिल्या, बसाप्पा पुन्हा दाराबाहेर. नुसते ‘एका बाईंनी’ लिहिले, तर कुठल्या बाईंना ते फळेल कोण जाणे. जिने आपली जागा सोडली तिचे आभार मानले, की तिने दिलेलेच मोडीत निघत होते.

तिने नाव पुसले. ‘सूचना:’ हा शब्दही पुसला.

पुढच्या खेपेला बसाप्पांचे डायलिसिस सगळ्यांच्या आधी झाले. जतची गाडी गाठायला ते उन्हातच निघाले. जाताना भिंतीवरच्या, नंबर दाखवणाऱ्या पडद्याला त्यांनी हात जोडले. बाकावर अनसूयाबाई बसल्या होत्या. त्यांनी सुजलेले पाय आखडून घेतले आणि बसाप्पांना वाट करून दिली.