गव्हर्नरने फाडलेलं पत्र

हॅलिफॅक्सच्या घरी, बेसमेंटमधल्या टेबलावर, शंतनुच्या लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी अख्खं न्यू ॲमस्टरडॅम उभं केलं होतं. पुठ्ठ्याचा डच किल्ला, आइस्क्रीमच्या काड्यांची पवनचक्की, समोर चार इंग्रजी जहाजं.

"एकही गोळी न झाडता त्याचं न्यू यॉर्क झालं," जाई म्हणाली. "डच गव्हर्नरने इंग्रजांचं गोडगोड पत्र फाडलं, पण लोकांनी तुकडे जोडून वाचलं. मग सह्या करून त्याला सांगितलं, सरेंडर कर. हिज ओन सन साइन्ड, बाबा!"

शंतनु वर निघून गेला.

मार्चमध्ये त्यांची कंपनी विकली गेली, तेव्हाही घेणाऱ्यांचं असंच गोड पत्र आलं होतं. सगळ्यांच्या नोकऱ्या राहतील, फक्त मॅनेजर फेलिक्स जाईल. वसईचा फेलिक्स! बारा वर्षांपूर्वी शंतनुला एअरपोर्टवर घ्यायला आला आणि अंगातला कोट काढून दिला, तो. त्याने पत्र फाडून टोपलीत टाकलं. तुकडे वेचून, हिरव्या चिकटपट्टीने जोडून टीममध्ये फिरवलं कोणी? याच पठ्ठ्याने, शंतनुने. फेलिक्सकडे गेला तो नुसता, 'तू पायउतार हो' म्हणणारा सह्यांचा कागद. सह्या सगळ्यांच्याच होत्या, पण तुकडे कोणी जोडले हे त्याला माहीत नव्हतं. आणि रविवारी तो जेवायला येणार होता.

जाईने प्रोजेक्टसाठी लिहिलेलं छोटं पत्र फाडून किल्ल्यात ठेवलं. सकाळी ते जोडलेलं. हिरव्या चिकटपट्टीने.

"बाबा, डोन्ट फिक्स इट!"

तिने रोज फाडलं, रोज ते जोडलेलं सापडलं. घरात हिरवी चिकटपट्टी नव्हतीच. पत्रावरच्या पट्टीची टोकं दातांनी तोडलेली होती. 'कात्री घे रे, उंदरा,' म्हणून फेलिक्स त्याला बारा वर्षं चिडवत आला होता. शंतनुला स्वतःची शिसारी आली.

रविवारी दुपारी फेलिक्स वसईची सुकेळी घेऊन आला. जाईची तक्रार ऐकून मनमोकळं हसला. "फाड बघू माझ्यासमोर!"

तिने चार तुकडे केले. तिघं वर जेवायला बसले. शंतनु खुर्चीवरून हललाही नाही. भाताला चिकटपट्टीच्या गोंदासारखी कडू चव येत होती. आत्ताच सांगून टाकावं, असं दहादा ओठांवर आलं.

"आणखी भात घे ना," तो म्हणाला.

जेवण झालं. तिघं खाली गेले.

पत्र जोडलेलं होतं.

फेलिक्सने चष्मा लावला. कुरतडलेल्या टोकावरून बोट फिरवलं. हसू मावळलं.

"ऑफिसात कात्री होती की रे," तो हळूच म्हणाला.

शंतनुला मान वर करवेना.

फेलिक्सने बोट पँटला पुसलं. चिकटपट्टीचं टोक अजून थुंकीने ओलं होतं.