पाच विटा

सोनपेठच्या बसस्थानकात सकाळची परभणी गाडी उभी होती, आणि भुरभुर पावसात एक मुलगी हातात टेप घेऊन चक्क तिच्या दाराशी उकिडवी बसली होती.

"मॅडम, गाडी इकत घ्यायलाव का काय?"

योगिनीनं वळून पाहिलं. खाकी कपडे, गळ्यात तिकिटाचं मशीन आणि डोळ्यांत मिश्कील हसू... कंडक्टर.

"पायरी मोजतेय. सोळा इंच! म्हाताऱ्या माणसांनी चढायचं कसं?"

"आमी घेतो की वर ओढून."

"तेच करू नका! खांदा निखळेल कुणाचा तरी. आणि हसू नका."

तो आणखीच हसला. योगिनी भडकली. गाडी गेली तरी तिचा राग काही जाईना. आता रागच होता म्हणा तो, दुसरं काय असणार!

योगिनी परभणीची फिजिओथेरपिस्ट. म्हाताऱ्या माणसांचं चालणं-फिरणं टिकावं म्हणून एका संस्थेनं तिला सहा महिन्यांसाठी इथं पाठवलं होतं. देवळाच्या ओसरीत तिचा वर्ग भरायचा. त्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कस्तुराबाई म्हणजे तिखट मिरची. धाकटी बहीण परभणीला, पण वर्षभर भेट नाही. "पंच्याहत्तरी झाली, तिकीट फुकट झालं, अन् आता पायरीच चढंना! हाय का न्हाई गंमत?" असं म्हणून त्या हसायच्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावायच्या.

म्हणून तर योगिनीनं पायरी मोजली होती. आधी खुर्चीतून हात न टेकता उठणं. "नाक पायाच्या बोटांच्या पुढं आणा, आजी, मग बघा बूड कसं आपोआप उचलतं." मग ओसरीच्या खांबाला धरून विटांवर चढणं. चांगला पाय आधी, जोर टाचेवर. दोन विटांच्या उंचीपासून सुरुवात, जमलं की एक वाढवायची. पाच विटा आणि वर एक फळी, की झाली एसटीची पायरी.

दुसऱ्याच दिवशी कंडक्टर स्वतःहून समोर आला. नाव आदिनाथ. "काल चुकलं, मॅडम. कसं चढवायचं, शिकवा की."

"हात असा आडवा धरायचा. घट्ट, कठड्यासारखा." तिनं त्याचा हात धरून दाखवला. "ओढायचं नाही. धरायचं त्यांनी, वजन टाकायचं त्यांनी. तुम्ही फक्त हलायचं नाही."

"न हलणं लय अवघड हाय, मॅडम."

"का?"

"हात तुमी धरलाय..."

चटका बसल्यागत तिनं हात सोडला. दिवसभर मात्र तोच हात तिला आठवत राहिला.

मग रोजचंच झालं. तिची खोली स्थानकासमोर. गाडी निघाली की गाडीच्या दारातून आदिनाथची आरोळी यायची, "आज किती विटा?" आणि खिडकीतून उत्तर जायचं, "तीन!" गाडीच्या वेळेआधीच ती खिडकीत येऊन उभी राहायची.

तिसऱ्या विटेवर कस्तुराबाईंचा गुडघा अडला. तीन आठवडे पुढं सरकेना. एक दिवस आदिनाथ म्हणाला, "आजी आपल्या पायानं माझ्या गाडीत चढल्या, की तुमाला एक सांगायचंय."

"आत्ताच सांगा ना."

"न्हाई. आधी आजी."

सोनपेठात अशी गोष्ट लपते होय? दुसऱ्या दिवशी वर्गात कस्तुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "अगं बया! म्हंजी तुमचं लगीन माझ्या गुडघ्यावर अडलंय व्हय? आण ती वीट!"

सगळी ओसरी हसली. योगिनी कानापर्यंत लाल झाली.

चौथी वीट जमली, तोवर शेवटचा आठवडा आला. शनिवारी योगिनीला परभणीला परतायचं होतं. पाचवी वीट तिनं हातात घेतली... आणि कस्तुराबाईंचा थरथरता पाय बघून खाली ठेवली.

"लाव की गं!"

"नको, आजी. माझ्यासाठी तुमच्या गुडघ्याला घाई नको."

आदिनाथचं ते न ऐकताच जावं लागलं तर? जावं लागलं तर जाऊ, पण आजींना पाडून नाही. कस्तुराबाईंनी तिच्या गालावरून नुसता हात फिरवला. शुक्रवारी मात्र पाय थरथरला नाही. पाचवी वीट आणि वरची फळी त्यांनी स्वतःच मागून घेतली.

शनिवारी गाडीच्या दाराशी आदिनाथनं हात आडवा धरला. कस्तुराबाईंनी तो धरला, चांगला पाय वर ठेवला, नाक पुढं... आणि चढल्या! खिडकीशी बसल्या आणि डोकं बाहेर काढून ओरडल्या, "आता बोल की रे, मुडद्या!"

आदिनाथनं गळ्यातलं तिकिटाचं मशीन उगाच सारखं केलं.

"मॅडम... तुमी गेल्यावर मी कुणाला विचारू, किती विटा म्हणून? मला तुमी लय आवडता. लय म्हंजी लयच." त्यानं हात पुन्हा आडवा धरला. "ओढणार न्हाई. धरायचा का न्हाई, ते तुमी ठरवा."

सोळा इंच चढायला योगिनीला कुणाचाच हात लागत नव्हता. तरी तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळं वजन टाकलं. हात जरासुद्धा हलला नाही.

"मलाही तुम्ही आवडता," ती हळूच म्हणाली. "रविवारी घरी या. बाबांना भेटा."

गाडी तशीच उभी. ड्रायव्हर खाकरला.

"आदिनाथा," आतून कस्तुराबाई म्हणाल्या, "घंटी मार, लेकरा. माझी बहीण वाट बघायलीय."